ग्लूच्या बाटलीची सुई सारखी बुजते? आधी बाटली कुठं आणि कशी ठेवता ते बघा

प्लास्टिकची मॉडेलं जोडणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते. बाटलीच्या तोंडाला ग्लू सोडायची धातूची बारीक नळी असते, तीच ही सुई. काल रात्री तिच्यातून ग्लू केसासारखा बारीक येत होता, आज संध्याकाळी बाटली दाबली तर थेंबही नाही. सुई साफ करावी, चार दिवस बरं चालावं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. माझ्याकडे हे दोन उन्हाळे चाललं. सुई साफ करायचे सगळे उपाय मला पाठ झाले होते, तरी ती बुजायची थांबत नव्हती. शेवटी कारण सापडलं ते सुईत नव्हतंच. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात शिवणकाम करते. दिवसभर ब्लाउज, शाळेचे गणवेश, फॉल-पिको. रात्री जेवणं आटोपली की त्याच टेबलावर मॉडेलचं काम. सध्या शकुंतलेचे डबे करते आहे. शकुंतला म्हणजे यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर धावायची ती आमच्याकडची नॅरोगेज गाडी. लहानपणी आईसोबत अंजनगावला मामाकडे जायचे ते याच गाडीनं, आणि तेव्हा तिला वाफेचं झेडडी इंजिन होतं. डिझेल आलं ते १९९४ मध्ये. तिच्या रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. १:८७ या प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटर होतं, म्हणजे मॉडेलवाल्यांकडे मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ तिला जवळजवळ नेमका बसतो. डब्याचं तयार किट मला मिळालं नाही, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरीन शीटमधून सगळं हातानं कापायचं. दोन खिडक्यांमधली पट्टी जेमतेम दीड मिलिमीटर रुंद. तिथं घट्ट ग्लू ब्रशनं लावला तर तो खिडकीत उतरतो. सुईच लागते, आणि तीच ऐन वेळी बुजते.

बुजलेली बाटली जोरात दाबू नका

उपाय नंतर सांगते, पण ही गोष्ट आधी. मागच्या एप्रिलमध्ये एका डब्याची बाजू पूर्ण होत आली होती, अकरा खिडक्या कापून, घासून तयार. सुईतून काही येईना म्हणून मी बाटली मुठीत धरून दाबली. सुई ज्या प्लास्टिकच्या बुडख्यात बसवलेली असते तो बुडखाच टोपणासारखा उडाला आणि चमचाभर ग्लू डब्यावर पडला. मी लगेच चिंधीनं पुसायला गेले. तिथं दुसरी चूक झाली. ग्लूनं वरचा थर मऊ केलेला असतो. पुसलं की तो थर चिंधीबरोबर ओढला जातो. तीन खिडक्यांच्या पट्ट्या शेवया झाल्यासारख्या लोंबल्या.

असं सांडलं तर हात लावू नका. वस्तू आडवी, सपाट ठेवा आणि एक पूर्ण दिवस, शक्यतो दोन दिवस सुकू द्या. ग्लूतलं द्रावक उडून जातं, प्लास्टिक पुन्हा कडक होतं, मग बारीक पॉलिश पेपरनं पाण्यात घासून पृष्ठभाग सरळ करता येतो. पुसलेलं दुरुस्त होत नाही, सुकलेलं बरंचसं होतं.

तुमचा ग्लू कोणता

सुई बुजली असं आपण सगळ्याच बाटल्यांबद्दल म्हणतो, पण आत घडणाऱ्या गोष्टी अगदी उलट असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

मॉडेलचा ग्लू, ज्याला प्लास्टिक सिमेंटही म्हणतात, तो खरं तर चिकटवत नाही, विरघळवतो. त्यात ब्यूटाइल ॲसिटेट, कधी ॲसिटोन अशी द्रावकं असतात, आणि घट्टपणा यावा म्हणून थोडं पॉलिस्टायरीन आधीच विरघळवलेलं असतं. किटचं प्लास्टिकही पॉलिस्टायरीनच. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात, द्रावक उडतं आणि सांधा एकजीव होतो. सुईत नेमकं हेच घडतं: द्रावक उडून जातं आणि मागं प्लास्टिकची काडी उरते. हा ग्लू कोरड्या, तापलेल्या हवेत लवकर बुजतो.

फेविक्विकसारखा झटपट ग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट. त्यातून काही उडून जाऊन तो सुकत नाही. हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडली की त्याचे रेणू साखळीसारखे जोडले जातात आणि तो घट्ट होतो. म्हणून तो पावसाळ्यात आणि कूलरच्या खोलीत बुजतो.

इथं आमच्याकडची एक गंमत लक्षात घ्या. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर आणि हवा पापड वाळवावेत इतकी कोरडी. पण कूलर लावलेल्या बंद खोलीत हवा दमट. एकाच दिवशी एकाच घरात सिमेंटची बाटली ओसरीवर बुजते आणि फेविक्विकची ट्यूब कूलरपुढं. मी दोन्ही एकाच डब्यात ठेवत होते. एक तरी नेहमी बिघडलेलं असायचं.

कारण सापडलं ते असं

सिमेंटच्या सुईबद्दल सगळीकडे एकच सल्ला मिळतो: काम झालं की टोक पुसा, टोपण लावा. मी ते न चुकता करत होते. तरी सुई बुजायची आणि टोपणसुद्धा आतून सुईला चिकटलेलं असायचं. ते कसं, हे कळत नव्हतं. टोक पुसून कोरडं ठेवलं होतं, मग टोपणात ग्लू आला कुठून?

उत्तर भाच्यानं दिलं. सुट्टीत आला होता, दुपारी कात्री शोधायला मशीनचा खण उघडला आणि ओरडला, "आत्या, तुह्या बाटलीचं नाक गळून रायलं!"

जाऊन बघते तर खरंच. सकाळी घाईत टोपण लावायचं राहिलं होतं, आणि सुईच्या टोकाशी ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब. वर साय धरलेली, सुईनं टोचलं तर साय फाटून आतून ओला ग्लू आला. कोणी बाटली दाबली नव्हती. ती खणात पडून होती, आणि पडून म्हणजे खरोखर आडवी, कारण शिलाई मशीनच्या खणाला तेवढी उंचीच नसते.

मग उलगडलं. आडव्या बाटलीत हवा वरच्या बाजूला जाते आणि सुईचं आतलं तोंड ग्लूत बुडतं. माझ्या खोलीला टिनाचं छप्पर आहे. सकाळी खोलीत २८ अंश असतील तर दुपारी ४४ सहज. तेवढ्या फरकानं बंद हवा साधारण पाच टक्के फुगते. अर्ध्या रिकाम्या बाटलीत २० मिली हवा असली तर तिला आणखी एक मिली जागा हवी. शिवाय द्रावकाच्या वाफेचा दाब वेगळा. ॲसिटोनचा बाष्पदाब २० अंशांवरून ४० अंशांवर गेला की दुपटीपेक्षा जास्त होतो. एवढा सगळा दाब सुटायला वाट एकच, सुई. आणि सुईपुढं हवा नाही, ग्लू आहे. तोच बाहेर ढकलला जातो. टोपण लावलेलं असलं तर टोपणात भरतो आणि तिथं सुकतो. रात्री खोली निवते, बाटली आत श्वास घेते, सुईत बाहेरची कोरडी हवा शिरते आणि आतल्या भिंतीला लागलेला ग्लू वाळवते. रोज एक थर.

खात्री करून घ्यायला मी दोन दिवस तीच बाटली पारखली. पहिल्या दिवशी सुई स्वच्छ करून आडवी ठेवली, दुपारी दोनला पुन्हा तसाच थेंब. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, तेवढ्याच उन्हाच्या दिवशी, पेल्यात उभी ठेवली, थेंब नाही. उभ्या बाटलीत सुईच्या तोंडाशी हवा असते. फुगली तर हवाच निघून जाते.

बाटली जितकी रिकामी तितकी हवा जास्त, म्हणून नवी बाटली महिनाभर नीट चालते आणि अर्धी झाली की त्रास सुरू होतो. आपल्याला वाटतं ग्लू जुना झाला. माझ्या वहीतल्या नोंदींतही तेच दिसलं: सुई काम करताना कधीच बुजली नव्हती. दरवेळी मधल्या दिवसांत बुजली होती, त्यातही जास्त करून दुपारी लाइन गेली आणि खोली तापली त्या दिवसांनंतर.

बुजलेली सुई उघडायची कशी

शिवणाऱ्या बाईला पहिली आठवते ती शिवायची सुई. ती वापरू नका. शिवायची सुई टोकाला बारीक आणि मागं जाड असते. आत घातली की पाचरीसारखी बसते, गाठ आणखी दाबते आणि धातूच्या नळीचं तोंड फाकवते. फाकलेल्या तोंडातून पुढं बारीक रेघ कधी येत नाही. हवी ती सगळीकडे सारख्या जाडीची तार.

ही तार तालुक्याच्या गावी मोटार रिवायंडिंगच्या दुकानात मिळते. विहिरीवरच्या मोटारीची तार जाड असते, ती नको. सिलिंग पंख्याच्या वायंडिंगची मागा. मी गेले तेव्हा दुकानदारानं विचारलं, "ताई, पंखा आणला का?" म्हटलं, "नाही भाऊ, हातभर तार पाहिजे, ३६ नंबरची." तो म्हणाला, "एवढ्याशा तारेचे का पैसे घेऊ, घेऊन जा तशीच." ३६ नंबरची तार ०.१९ मिलिमीटर जाड असते. माझ्या सुईत ती सैल जाते, ३४ नंबरची अडत अडत जाते, ३२ ची जात नाही. तुमची सुई वेगळी असेल, म्हणून तिन्ही नंबरांची वीतवीतभर आणा आणि घालून बघा.

तार रिळावरून आलेली, वाकडी असते. तशीच घातली तर आत घुसत नाही, दुमडते. एक टोक टेबलाच्या कडेला शिकंज्यात धरा, दुसरं पकडीनं धरून हळूच ओढा. सुरुवातीला तार नुसती ताणलेली वाटते. मग एका क्षणी हाताला किंचित सैल पडल्यासारखी लागते, म्हणजे ती थोडी लांबली. तिथंच थांबा. सोडून बघा, काडीसारखी सरळ झालेली असते आणि आधीपेक्षा ताठही. मग वरचं व्हार्निश बारीक पॉलिश पेपरमधून दोनदा ओढून काढा, नाहीतर त्याचे कपचे सुईत राहतील. बोटभर तुकडा कापा, एका टोकाला गोल कडी करा म्हणजे धरायला येते.

बुजून एकदोन दिवसच झाले असतील तर आतली गाठ अजून डिंकासारखी मऊ असते. टोकाकडून तार घाला, थोडी आत, बाहेर, पुसा, पुन्हा आत. पुसताना तारेवर तांबूस-पांढरट चिकट दोरा दिसेल, तीच गाठ. एकदम शेवटपर्यंत ढकलायला जाऊ नका.

गाठ कडक झाली असेल तर तार पुढं जाणार नाही. मग भिजवणं. सुई बाटलीपासून वेगळी करा, बाटलीचं तोंड दुसऱ्या झाकणानं लगेच बंद करा. होमिओपॅथीच्या गोळ्यांची काचेची छोटी कुपी घ्या, त्यात थोडं थिनर, आणि सुईचा फक्त धातूचा भाग आत. बुडखा वर राहू द्या. तो कोणत्या प्लास्टिकचा आहे हे आपल्याला माहीत नसतं. तोंड चिकटपट्टीनं झाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी तार सहसा आरपार जाते.

थिनर कोणतं? रंगाच्या दुकानात एनसी थिनर मागा. पण दुकानात थिनर म्हणून काहीही देतात, म्हणून आधी थर्माकोलच्या तुकड्यावर एक थेंब टाकून बघा. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन, सुईतली गाठही तेच. थर्माकोलला लगेच खड्डा पडला तर थिनर कामाचं. थेंब नुसता बसून राहिला तर ते आणू नका. नेलपॉलिश रिमूव्हरही याच पद्धतीनं तपासा. काही चालतात, काहींत तेल आणि पाणी जास्त असतं. पेट्रोल थर्माकोल विरघळवतं, पण ते घरात उघडं ठेवायची वस्तू नाही.

संत्र्याच्या दिवसांत हा प्रयोग मुलांना जरूर दाखवा. ताजी साल थर्माकोलजवळ दुमडून पिळली की उडालेले बारीक थेंब पडतात तिथं तिथं थर्माकोल खचतो. सालीच्या तेलात बहुतांश लिमोनीन असतं आणि ते पॉलिस्टायरीन विरघळवतं. टामिया आणि मिस्टर हॉबी या दोन्ही ब्रँडचे लिमोनीनवर चालणारे मॉडेलचे ग्लू आहेत, वासही संत्र्यासारखाच. पण साल सुईत पिळू नका. तेलाबरोबर पाणी आणि गर जातो आणि बुजलेल्या सुईत आणखी भर पडते.

सुई जाळून उघडायचा उपायही सगळे सांगतात आणि तो खरोखर चालतो. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ होतं आणि ज्योतीत जळून जातं. मी मात्र तो शेवटचा ठेवते. सुई बुडख्यातून सुटी होत असेल तरच करा, नाहीतर बुडखा वितळतो. ग्लूची बाटली दुसऱ्या खोलीत, झाकण घट्ट. काम अंगणात. ग्लूची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, त्यामुळे चुलीजवळ, गॅसजवळ, देवघरातल्या दिव्याजवळ हे करायचं नाही. पकडीनं सुई मध्यावर धरून मेणबत्तीच्या ज्योतीत टोकाकडून फिरवा. टोकातून फुस्स करून पिवळी ज्योत येईल, काजळी येईल, मग थांबेल. निवल्यावर तार घालून राख काढा. दरवेळी तापवल्यानं सुई मऊ पडते आणि सहज वाकते, म्हणून याची सवय लावून घेऊ नका. लहान मुलांच्या हातात तर हे काम देऊच नका.

आणखी एक: धुवायला बोअरचं पाणी घेऊ नका. आमचा खारपाणपट्टा, पाणी सुकलं की पितळी तांब्यावर पांढरा थर राहतो, तो त्या बारीक नळीतही राहणारच. शेवटचं धुणं थिनरनं करा किंवा पिण्याच्या कॅनमधल्या पाण्यानं, आणि नीट वाळू द्या.

पुन्हा बुजू नये म्हणून

बाटली उभी. एवढं एक केलं तरी निम्म्याहून जास्त त्रास जातो. मी एका जुन्या पेल्यात कापडाच्या पट्ट्या कोंबून मध्ये बाटलीपुरती जागा केली आहे, कलंडत नाही.

दुसरं, काम संपलं की सुई रिकामी करून ठेवायची. बाटली हलकी दाबलेली असतानाच सुई वर करा आणि मग बोटं सैल सोडा. बाटली आत हवा ओढते आणि सुईतला ग्लू परत खाली जातो. कान जवळ नेला तर बारीक चुर्र ऐकू येतं. ते ऐकू आलं म्हणजे सुई मोकळी. मग टोक कागदानं पुसा आणि तीच तार सुईत घालून ठेवा. चुकून थर धरलाच तर तो तारेभोवती धरतो आणि तार ओढली की निघतो. पुढच्या वेळी बसताना पहिलं काम तार काढणं.

तिसरं, जागा. सिमेंटची बाटली आता माझ्याकडे स्वयंपाकघराबाहेरच्या कोपऱ्यात, माठाच्या तिवईखाली असते. घरातली सर्वांत गार जागा तीच. टिनाखालच्या फळीवर, खिडकीत, गाडीच्या डिक्कीत ती ठेवू नका. दुपारी उघडावी लागलीच तर सुई वर धरून, टोकावर कागद ठेवून टोपण काढा, कारण आत दाब असतो आणि पहिला थेंब उडतो.

इंजेक्शनची सुई आणि सिरिंज वापरणारेही बरेच आहेत. मी करून पाहिलं. सिरिंजची नळी टिकते पण आतला रबराचा दट्ट्या द्रावकानं फुगतो आणि दोन दिवसांत हलेनासा होतो. वापरायचीच तर लागेल तेवढाच ग्लू भरा, काम झालं की रिकामी करा. सुई नवी विकत घ्या, टोक सहाणेवर घासून बोथट करा. वापरलेली सुई, माणसाची असो की जनावराची, हातात धरू नका.

फेविक्विकसारख्या ग्लूचं वेगळं

याच्या नळीचं तोंड बुजलं की आपण टाचणी खुपसतो. टाचणी आतच धरली जाते. माझ्या मते या ग्लूची बाटली थेट मॉडेलवर न्यायचीच नाही. बाटलीच्या झाकणावर किंवा फुटक्या फरशीच्या गुळगुळीत बाजूवर एक थेंब काढायचा, बाटली लगेच बंद, आणि लावायला सुई. इथं शिवायची सुई कामी येते, पण उलटी. सुईच्या नेढ्याचं वरचं टोक पकडीनं तोडून टाका किंवा दगडावर घासा. दोन छोटे दात उरतात, बेचक्यासारखे. ते थेंबात बुडवलं की दातांमध्ये नेमका एक कण उभा राहतो आणि सांध्याला टेकवला की तिथंच उतरतो. दाभणाची सुई केली तर कण मोठा, दहा नंबरच्या हातसुईची केली तर अगदी बारीक. दातांवर ग्लू साचला की अंगणात नेऊन क्षणभर ज्योतीत धरा. त्याचा धूर डोळ्यांना फार झोंबतो, वारा पाठीकडून येईल असं उभं राहा.

नळीचं तोंड बुजलंच तर टोकाचा भाग काढून ॲसिटोनमध्ये भिजवा. बाटली आपटून आतला ग्लू खाली जाऊ द्या, टोक कागदानं पुसा. कागदानंच. आमच्याकडे दिवाळीनंतर घरात कापूस असतो आणि माझ्याकडे तर बारा महिने सुती चिंध्या, म्हणून हे ठासून सांगते: हा ग्लू सुती कापडावर किंवा कापसावर पडला की झपाट्यानं घट्ट होतो आणि त्यातून खूप उष्णता निघते. मी एकदा ब्लाउजच्या अस्तराच्या तुकड्यानं टोक पुसलं. हातातल्या हातात चिंधीतून धूर निघाला आणि अंगठ्याला फोड आला. कापसाच्या ढिगाजवळ हा ग्लू उघडूच नका.

हा ग्लू १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅकच्या हॅरी कूव्हर यांच्या हाती आला, बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना. ज्याला त्याला चिकटतो म्हणून तो तेव्हा बाजूला ठेवला गेला आणि बाजारात यायला १९५८ उजाडलं. ज्याला त्याला चिकटतो, कारण ओलाव्याचा पातळसा थर जवळजवळ सगळ्याच वस्तूंवर असतो. साठवताना ओलावा तोडायचा. घट्ट झाकणाचा डबा, आत औषधांच्या बाटल्यांमधून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. फ्रीजमध्ये ठेवलात तर तोही असाच डब्यात, खाण्यापासून दूर, आणि बाहेर काढल्यावर अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या. गार बाटली लगेच उघडली की आत दव धरतं आणि ज्यापासून वाचवायचं तेच आत जातं.

पांढऱ्या फेविकॉलची नळी बुजली तर त्याचं काही विशेष नाही. कोमट पाण्यात तासभर ठेवा, साल निघते. अगदी कडक झालं असेल तर व्हिनेगरमध्ये रात्रभर.

ब्रशवाली बाटली

लांब, सरळ सांध्यांना मी आता सुई वापरतच नाही. टामियाच्या हिरव्या झाकणाच्या ४० मिलीच्या बाटलीसारखा पातळ ग्लू घेते. दोन्ही भाग कोरडे जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक सांध्याला टेकवायचं. दिव्याची वात तेल ओढते तसा ग्लू फटीतून आपोआप पुढं धावतो. ब्रश झाकणालाच असतो, सतत ग्लूत बुडालेला, त्यामुळे तो बुजण्याचा प्रश्नच नाही. सुई आता फक्त खिडक्यांच्या पट्ट्यांना आणि पायऱ्यांना.

त्या बाटलीचा त्रास एकच, झाकण आट्यांत चिकटतं. ब्रश बाहेर काढताना तोंडाच्या आतल्या कडेला निथळा, बाहेरच्या आट्यांना लागू देऊ नका, आणि बंद करण्याआधी आट्या कागदानं पुसा. चिकटलंच तर झाकणाला दोन-तीन रबरबँड गुंडाळून फिरवा, पकड बसते. गरम पाण्यात बाटली धरू नका.

ग्लू मागवायचाच तर डिसेंबर-जानेवारीत मागवा. ज्वलनशील म्हणून तो रस्त्यानंच येतो, माझ्याकडे पोचायला दहा-बारा दिवस लागतात. मे महिन्यात तेवढे दिवस पत्र्याच्या गाडीत आडवं पडून आलेलं खोकं मी एकदा उघडलं होतं. बाटलीचं टोपण घरी येण्याआधीच चिकटलेलं होतं.